रक्तदानाआधीची प्रश्नपत्रिका

आमच्या बेळगावच्या शहापुरात गणपतीत मंडळाचं रक्तदान शिबिर ठरलेलंच. यंदा मीही नाव दिलं. धास्ती सुईची होती, पण खरी चाळणी लागली ती टेबलापाशी. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. सिस्टर मराठीतून एकेक विचारत होत्या. वय 18 ते 65, पहिल्यांदाच देत असाल तर साठीच्या आत. वजन निदान 45 किलो. कावीळ झाली होती? गोळ्या कसल्या चालू? सहा महिन्यांत दात काढलाय? पाळी चालू आहे?

दिराची गाडी गोंदणावर अडली. दंडावर राजमुद्रा गोंदवून वर्ष झालं नव्हतं. "नुसतं गोंदणच की हो सिस्टर!" पण गोंदायच्या सुईतून कावीळ 'ब', 'क' किंवा एचआयव्ही शिरला, तर सुरुवातीला तो तपासणीतही सापडत नाही. प्रत्येक पिशवी तपासत असले तरी इथं थाप मारून चालत नाही. चारचौघांत सांगायला संकोच वाटला तर डॉक्टरांना बाजूला बोलवायचं.

मग बोट टोचून एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. माझा तळाला गेला, म्हणजे हिमोग्लोबिन 12.5 च्या वर. जाऊबाईंचा वरच घुटमळला. हरतालिका, ऋषिपंचमी, सोमवार, वर घरच्यांची पंगत उठल्यावर उरलंसुरलं खायचं. रक्त वाढणार कुठून? त्यांना डॉक्टरांकडं पाठवलं. उपाशीपोटी आलेल्या दोघीतिघींना आधी जेवून यायला सांगितलं.

प्रत्यक्ष रक्त द्यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सुई शिरताना चुणका बसला तेवढाच. हातातला चेंडू दाबत पडून राहायचं, 350 मिलीची पिशवी आपोआप भरते. लगेच उठू देत नाहीत. शेजारचा पैलवान गडी घाईनं उठला आणि घेरी येऊन परत आडवा झाला. चहा-बिस्किटं घ्यायची, दिवसभर पाणी भरपूर प्यायचं, त्या हातानं घागर-बिगर उचलायची नाही.

एक मात्र खटकतं. शिबिरं सगळी सणावारी एकदम. लाल पेशी 35 दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम 5. उन्हाळ्यात कुणाला गरज लागली तर गणपतीतलं रक्त काय कामाचं? म्हणून पुढच्या खेपेला मी थेट रक्तपेढीतच जाणार. पुरुषांना 90 दिवसांनी चालतं, बायकांना 120; म्हणजे मला जानेवारी उजाडेल.