घरी कोंकणी, छापायला मराठी: तुम्ही विचारलंत म्हणून

"घरी कोंकणी बोलता, मग पाक्षिक मराठीत का काढलेत?" हा प्रश्न मला पणजीतल्या परिसंवादांत विचारला गेला, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला, आणि आमचे पाक्षिक बंद होऊन बरीच वर्षे लोटली तरी अजून विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी कोंकणीचा द्रोही ठरायला हवा असतो आणि उरलेल्यांना मराठीचा शिलेदार. दोघांनाही पटेल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते, म्हणून मी आजवर हसून विषय बदलत आलो.

तयार उत्तर एक आहे, तेच आधी देतो. गोवा मुक्त झाल्यावर गावोगाव ज्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतल्या एकीत मी शिकलो. आई आमच्यावर कोंकणीत रागवायची आणि हरतालिकेची कहाणी मराठीत वाचायची. देवळातले कीर्तन मराठी, आरत्या मराठी, जत्रेतले नाटक मराठी. हात लेखणीकडे गेला की मराठीच उमटायची, आणि त्यात काही विसंगत आहे असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही येत नसे. त्यातूनही कोणी हटून बसला, तर मी जनमत कौलाचा दाखला देतो. 16 जानेवारी 1967 रोजी झालेल्या मतदानात गोवा महाराष्ट्रात विलीन न करण्याचा कौल 34,021 मतांच्या फरकाने लागला. विलीनीकरणाची बाजू दैनिक 'गोमन्तक' मराठीत मांडत होता हे उघडच आहे, पण त्याला विरोध करणारा 'राष्ट्रमत'ही मराठीच होता आणि उदय भेंब्रे यांचे गाजलेले 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातच, मराठीतच येत असे. गोव्याच्या अस्मितेसाठी लढणाऱ्यांनी मराठीत लिहिलेले चालले, मग मी खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधाआडच्या शेतीच्या, बातम्या मराठीत दिल्या तेवढ्याच का खुपाव्यात?

या वाक्याला हमखास टाळी मिळते, आणि तरीही ते मला स्वतःला पुरत नाही. जनमत कौलाच्या वेळी देवनागरी कोंकणीचे दैनिक नव्हते; आम्ही पाक्षिक काढले 1996 साली, आणि तोवर मडगावहून 'सुनापरान्त' निघायला लागून नऊ वर्षे झाली होती. देवनागरी कोंकणीत रोजचे वृत्तपत्र काढता येते हे डोळ्यांसमोर दिसत असताना मी नोंदणीच्या अर्जात भाषेच्या रकान्यात 'मराठी' असे लिहिले, तेव्हा सबब म्हणून सांगण्याजोगा इतिहास माझ्या बाजूला उरलेला नव्हता. सवय होती, आणि जाहिरातदारही मराठी अंकाची भाषा करीत.

मात्र प्रश्न विचारणारे एक गोष्ट गृहीत धरतात, ती मला मान्य नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्यात कोंकणी मातृभाषा सांगणारे सुमारे 66 टक्के आहेत आणि मराठी सांगणारे सुमारे 11 टक्के, हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण ते माझ्या तोंडावर अनेकदा फेकले गेले आहेत. पण ते 66 टक्के लोक एका लिपीत वाचत नाहीत. कोंकणीतले पहिले नियतकालिक 'उदेंतेचें साळक' 1889 मध्ये निघाले ते पुण्याहून, रोमी म्हणजे रोमन लिपीत; 1933 मध्ये सुरू झालेला 'वावराड्यांचो इश्ट' हाही रोमीतच. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणी म्हणजे देवनागरी कोंकणी असे ठरवले, पण ख्रिस्ती वाड्यांवरच्या वयस्क माणसांचे डोळे कायद्याने कसे बदलणार? मी कोंकणीत अंक काढला असता तरी तो त्यांच्यासाठी न वाचता येणारा कागदच ठरला असता. असे मी कित्येक वर्षे म्हणत होतो.

मांडवीकाठच्या एका गावात खाजनाचा बांध गेला आणि शेतात खारे पाणी शिरले, ते आमचे तिसरे वर्ष होते. खाजनाच्या बांधात मानस असते. तिच्या लाकडी झडपा भरतीला मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. मानशीवर मासळी धरण्याचा हक्क लिलावात जातो, आणि झडप गरजेपेक्षा जास्त उघडी राहिली की मासळी वाढते, भात मरते. मी एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंच्या ओसरीवर तासभर बसलो. त्यांनी कोरगुट भाताचे पीक किती उभे होते ते सांगितले, झडपा रात्री कोणी अडकवून ठेवल्या ते सांगितले, पाण्याच्या ओढीने बांध कोणत्या बाजूने खचला ते हाताने दाखवले, आणि शेवटी म्हणाल्या, "बांद फुटूंक ना, फोडला." मी ते वहीत तसेच्या तसे उतरवून घेतले.

अंकात बातमी आली ती अशी: उधाणाच्या भरतीत बांध फुटून शेतीचे नुकसान.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांचा नातू अंक घेऊन बसला होता. तो कोंकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत जात असल्याने त्याला देवनागरी येत होती; अडखळत, एकेक अक्षर लावत त्याने माझी मराठी आजीला वाचून दाखवली होती. त्या रागावल्या नाहीत. "बाबा, हांवें अशें सांगूंक ना," एवढेच म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. काही महिन्यांनी कळले की झडपांबद्दलची त्यांची तक्रार नैसर्गिक आपत्ती म्हणून निकालात निघाली, आणि त्या कागदांना आमच्या बातमीचे कात्रण जोडलेले होते.

भाषांतरात अर्थ निसटला, असे मी त्यानंतर बरीच वर्षे सांगितले. एका परिसंवादात तर मी स्वतःहून कबूल केले की कोंकणीत छापले असते तर हे घडले नसते, आणि माझ्या प्रांजळपणाचे कौतुकही झाले. पण फुटणे आणि फोडणे हा फरक मराठीत नाही का? शाळेतल्या पोरालाही तो कळतो. मानशीचा लिलाव घेणारा आमच्या चतुर्थी अंकात दरवर्षी अर्ध्या पानाच्या शुभेच्छा देत असे, आणि त्या अर्ध्या पानातून छपाईचे निम्मे बिल भागत असे. तेव्हा हा भाषेचा दोष नव्हता. की होता? कारण कोंकणीत लिहिताना त्या बाईंचा आवाज कानात असता, आणि तो कानात असताना क्रियापद बदलणे मला इतके सोपे गेले नसते. मराठीत बातमीचा एक साचा हाताशी तयार होता, 'उधाणाच्या भरतीत' हे शब्द त्यात आपोआप येऊन बसले, आणि भ्यालो आहे हे मला स्वतःलाही कळले नाही. या दोहोंपैकी कोणते खरे, हे मी दर वेळी वेगळे ठरवतो.

चूक दुरुस्त केली का, असेही कोणी विचारेल. केली. पुढच्या अंकात चौथ्या पानावर, तळाशी, मागील अंकातील मुद्रणदोष या मथळ्याखाली, एका वेलांटीच्या आणि एका अनुस्वाराच्या दुरुस्तीनंतर तिसऱ्या ओळीत: 'फुटून' ऐवजी 'फोडल्याने' असे वाचावे.