माकडाचं काळीज उंबरावरच का?

मंडळी, माकड आणि मगराची जुनी गोष्ट मुलांना सांगायला नव्यानं रचण्याचं काम पुढे सरकलंय, आणि या वेळी हाती लागलेली गोष्ट सांगायची मला फार घाई झालीये.

मगराच्या पाठीवर बसलेलं माकड ऐन पाण्यात म्हणतं, ‘अरेरे, आधी नाही का सांगायचं? काळीज तर झाडावरच राहिलं!’ ही थाप जुन्या-नव्या सगळ्या सांगणाऱ्यांनी जशीच्या तशी ठेवलीये. बाकी जवळजवळ सगळं ज्यानं त्यानं बदललं.

जातकं म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी; त्यातल्या सुंसुमार जातकात (क्रमांक २०८) दोघांची मैत्रीच नाही. मगरिणीला डोहाळे लागतात माकडाच्या काळजाचे, मगर गंगेपलीकडच्या फळांची लालूच दाखवतो आणि मधोमध बुडी मारायला लागतो. माकड म्हणजे बोधिसत्त्व, पुढे बुद्ध होणारा, आणि मगर म्हणजे त्याचा वैरी देवदत्त, तेव्हा वैर आधीचंच. पंचतंत्रात, ‘लब्धप्रणाश’ या चौथ्या तंत्रात, रक्तमुख माकड आणि करालमुख मगर जिवलग मित्र होतात. रोज जांभळं, रोज गप्पा. मग घरी बायको म्हणते, इतकी गोड फळं रोज खाणाऱ्याचं काळीज किती गोड असेल! एवढ्या एका बदलानं शिकारीची गोष्ट विश्वासघाताची झाली. मुलांना पोटात खड्डा पडतो तो इथेच.

सहाव्या शतकात बुर्झोयानं पंचतंत्र पहलवीत, म्हणजे त्या वेळच्या इराणी भाषेत नेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं ते अरबीत आणलं. तिथे मगराच्या जागी कासव आहे आणि माकड म्हणजे गादीवरून हाकललेला म्हातारा राजा. तो अंजिरं खाता खाता एक पाण्यात टाकतो. ‘डुबुक’ आवाज आवडला म्हणून आणखी टाकत राहतो. खाली कासवाला वाटतं, हा माझ्यासाठीच टाकतोय. मैत्री अशी गैरसमजातून जुळते! मला हा तपशील अख्ख्या गोष्टीत सगळ्यात सुंदर वाटतो, आणि तो मी माझ्या सांगण्यात उचललाय.

आता झाडाबद्दल. आपण लहानपणापासून ऐकतो ते जांभूळ. पण जातकात माकड बोट दाखवतं ते उंबराकडे. पंचतंत्राच्या जुन्या पाठातही उंबरच आहे. जांभूळ आलं नंतरच्या पाठांत. फरक काय पडतो ते कळायला दत्ताच्या देवळापाशी जाऊन औदुंबराच्या बुंध्याकडे नीट बघावं लागतं. फळं फांदीच्या टोकाला नसतात, थेट खोडाला आणि जाड फांद्यांना घोसानं चिकटलेली असतात. पिकली की तांबूस, मुठीएवढे दाट घोस. जातकातलं माकड म्हणतं, ‘ती बघ, आमची काळजं तिथे लटकताहेत.’ मगराला ती खरोखर दिसतात! म्हणून तो फसतो. जांभळाच्या झाडावर असं दाखवायला काही नाही, तेव्हा नंतरच्या सांगणाऱ्यानं काळीज ढोलीत लपवलं. मग मगराला नुसत्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. झाड बदललं तर थापेचा पुरावा गेला आणि तो भरून काढायला ढोली आली. दुसऱ्याची गोष्ट घेताना कुठे टाका घालावा लागतो, ते इथे उघड दिसतं.

म्हणून माझ्या आवृत्तीत उंबर परत आलंय. गोष्ट आणली पवईच्या तलावावर. तिथे मगरी आहेत हे मुंबईच्या पोरांना माहीत असतं, आणि बोरिवलीच्या जंगलातली माकडं त्यांनी कान्हेरीला जाताना पाहिलेली असतात. मैत्री पंचतंत्राची, डुबुक आवाज अरबीतला, झाड जातकाचं. वाडीतल्या गच्चीवर सांगितली तेव्हा ‘ती बघ काळजं’ म्हणताना मी हात वर केला, आणि पुढच्या रांगेतली मुलं वळून मागे बघायला लागली. जांभळाच्या वेळी असं कधीच झालं नव्हतं.

मगर बेत फोडतो कसा, ते मात्र अजून जमायचंय. पंचतंत्रातला मगर बिनधास्त सांगून टाकतो, इष्टदेवतेचं स्मरण कर म्हणतो. अरबीतलं कासव मधेच थबकतं, घुटमळतं, माकडाला संशय येतो आणि मग ते कबूल करतं. मैत्री खरी ठेवायची असेल तर मला घुटमळणारंच हवं. फक्त पाण्याच्या मधोमधची ती शांतता लांबली की मुलं चुळबुळ करतात.

आपल्या म्हातारी-भोपळ्याच्या गोष्टीतली म्हातारीही वाघाला असंच थोपवते: लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. पण तिथे नुसता वायदा आहे, दाखवायला काही नाही. या दोन्ही गोष्टी एका बैठकीत लागोपाठ सांगून बघायच्या आहेत.

त्यानंतर वानरिंद जातक, क्रमांक ५७. त्यात माकड संध्याकाळी परतताना बघतं, तर नदीचं पाणी तेवढंच पण खडक उंच दिसतोय. मग ते हाक मारतं, ‘ए खडका!’ उत्तर नाही. ‘आज बोलत का नाहीस?’ आणि खडकावर दबा धरलेला मगर ओ देतो. हीच युक्ती पंचतंत्रात कोल्ह्याच्या तोंडी आहे, फक्त खडकाची गुहा झालीये आणि मगराचा सिंह. गुहेची सगळ्यांना पाठ आहे, म्हणून मी खडकापासून सुरुवात करणार आहे.