तुम्ही विचारलंत म्हणून: अडखळत प्रश्न कसे विचारता?

"बोलताना एवढं अडखळता, मग पत्रकारितेत कशा आलात?" नवे सहकारी विचारतात, ज्यांची मुलाखत घ्यायला जाते तेही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी एक गैरसमज दूर करते. मी घाबरते म्हणून अडखळत नाही. भीतीने अडखळणं वाढतं, पण त्याचं मूळ तिथे नाही. शंभरातल्या साधारण एका प्रौढाला हा त्रास असतो, अनेकदा तो घराण्यात चालत येतो आणि 2010 मध्ये त्याच्याशी जोडलेली काही जनुकंही सापडली. गाताना मी अडत नाही. फोनवर स्वतःचं नाव सांगताना हमखास अडते, कारण नावाला दुसरा शब्द नसतो.

खरी अडचण या दुसऱ्या शब्दाचीच आहे. आम्ही लहानपणापासून शब्द चुकवायला शिकतो. कुठे अडणार हे आधीच कळतं, मग आयत्या वेळी सोपा शब्द पुढे करतो. गप्पांमध्ये ते खपून जातं. नोकरीच्या सुरुवातीला एका पत्रकार परिषदेत मला विचारायचं होतं, "या कामात भ्रष्टाचार झालाय का?" 'भ'ला ओठ मिटले ते उघडेनात. आवाज नाही, श्वासही नाही. सगळे वळून बघायला लागले, तशी "चुका झाल्यात का?" असं विचारून मोकळी झाले. "चुका माणसाकडूनच होतात," अधिकारी म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. कागदपत्रं माझ्या पिशवीत तशीच राहिली. उत्तर चोख होतं, प्रश्नच मी भलता विचारला होता.

तेव्हापासून कामात शब्द बदलत नाही. हे जड जातं. फोनवर मी गप्प झाले की पलीकडून "हॅलो, हॅलो" आणि फोन कट. म्हणून आता आधीच सांगते, मी अडखळते, फोन ठेवू नका.

तुम्ही थांबलात की समोरचा आपणहून बोलत असेल ना, असंही विचारतात. कधीतरी बोलतो. बहुतेक वेळा तो माझं वाक्य पुरं करतो. मायेनेच करतो, पण प्रश्न त्याच्या सोयीचा होऊन जातो.

मध्यंतरी अशाच एका परिषदेत पुन्हा 'भ'वर अडले. "भरपाईबद्दल विचारायचंय का?" समोरून शब्द आला. मी मानेनेच नाही म्हटलं. बराच वेळ गेला. मग भ्रष्टाचाराबद्दलच विचारलं, आणि त्याच प्रश्नाचं उत्तर छापून आलं.