उरलेल्या पंगतीचे पुढे काय होते

लग्नसराईत सांगलीच्या मंगल कार्यालयांत शेवटची पंगत उठल्यावर भाताने अर्धी भरलेली पातेली मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मात्र ते अन्न मिरजेतील रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचवणाऱ्या कार्यकर्त्यांसोबत नुकताच प्रथमच फिरलो. खरी अडचण अन्नाची नसून वेळेची आहे, कारण शिजवलेला भात नुसता झाकून ठेवला तर काही तासांतच त्यात जंतू वाढतात, वास मात्र येतोच असे नाही, आणि आचाऱ्याचा फोन बहुधा रात्री उशिराच येतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा शिल्लक अन्नाच्या वाटपासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. पानात वाढून उष्टे झालेले अन्न हे कार्यकर्ते घेत नाहीत. बासुंदीही नाकारतात, आणि यजमान (आमच्याकडची रीतच ती) नेमका तिचाच आग्रह धरतात.