एका पट्टीत दडलेले दोन रेणू

जुन्नर तालुक्यातील एका टोमॅटोच्या प्लॉटमधून मी पानांचे पहिले नमुने आणले, तेव्हा लागवडीला जेमतेम पंचवीस दिवस झाले होते. बांबू रोवून तार ओढलेली होती, मल्चिंग स्वच्छ होते. पण जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या झाडाचा शेंडा आखडलेला, पाने वाटीसारखी वर वळलेली, शिरांमधला भाग पिवळा आणि पेरे इतकी जवळ आलेली की झाडाचे झुडूप झाले होते. प्लॉटच्या मालक काकांनी मला एकच प्रश्न विचारला: "मॅडम, व्हायरस आलाय ते आम्हालाही दिसतंय. पण चार फवारण्या झाल्या तरी तो जात का नाही, तेवढं सांगा." त्या दिवशी मी हा विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीविषयी जे ठाऊक होते ते सांगितले आणि परतले. मात्र त्यांच्या प्रश्नाचे उत्तर पेशीच्या आत होते आणि तिथपर्यंत पोहोचायला मला पीएचडीची दोन वर्षे खर्ची घालावी लागली.

लक्षणांवरून विषाणूचे नाव सांगू नये, हा धडा आम्हा सर्वांना २०२० च्या उन्हाळ्यातच मिळाला होता. पुणे, नगर, सातारा भागात टोमॅटोच्या फळांवर रंगांचे चट्टे उमटू लागले, तेव्हा 'तिरंगा व्हायरस' असे नाव गावोगावी पसरले आणि पुढे बंगळुरूला पाठवलेल्या नमुन्यांत काकडीवरील मोझॅकचा विषाणू आढळला. माझ्या नमुन्यांतील पर्णगुच्छ, म्हणजे पाने आखडण्याचा रोग, हा त्याहून वेगळा आणि जुना रोग आहे. भारतात त्याची नोंद १९४८ पासून आहे. तो घडवणारे विषाणू बेगोमोव्हायरस गटातले असून त्यांची जनुकीय सामग्री एकपदरी, वर्तुळाकार डीएनएच्या रूपात असते आणि दोन गोळे एकमेकांना चिकटावेत तशा जुळ्या कवचात ती बंद असते. माझे काम केवळ विषाणू ओळखण्यापुरते नव्हते. त्याच्या डीएनएचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, तयार करून तो निरोगी रोपात सोडायचा आणि शेतात दिसलेली लक्षणे तिथे पुन्हा उमटतात हे दाखवायचे होते, कारण तसे केल्याशिवाय रोगट पानात सापडलेला विषाणू हाच रोगाचे कारण आहे असे म्हणता येत नाही.

सुरुवातीचे टप्पे नेहमीचे होते. द्रव नायट्रोजनमध्ये पाने कुटून सीटॅब या पेशी फोडणाऱ्या रसायनाच्या द्रावणात ६५ अंशांवर ठेवायची, क्लोरोफॉर्मने प्रथिने वेगळी करायची आणि आयसोप्रोपेनॉलने डीएनए साकळून घ्यायचा. टोमॅटोच्या पानांतील चिकट शर्करा डीएनएबरोबर खाली बसतात आणि पुढच्या प्रत्येक अभिक्रियेत अडथळा आणतात, त्यामुळे माझे पहिले काही नमुने वाया गेले; अगदी कोवळ्या शेंड्याची पाने कमी प्रमाणात घेतल्यावर ही अडचण सुटली. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएचा ठराविक तुकडा अनेक पटींनी वाढवणाऱ्या चाचणीत, कवचप्रथिनाच्या जनुकाचा तुकडा मिळाला आणि बेगोमोव्हायरस असल्याची खात्री पटली.

पूर्ण जनुकसंच मिळवण्यासाठी मी वर्तुळ-प्रवर्धनाची पद्धत वापरली. यात फाय-२९ नावाचे पॉलिमरेज लहान वर्तुळाभोवती न थांबता फिरत राहते आणि एकामागे एक जोडलेल्या प्रतींची लांब साखळी तयार करते. वर्तुळात एकाच ठिकाणी छेद देणारे एन्झाइम निवडून ही साखळी तोडली की पूर्ण लांबीचा एकेक जनुकसंच सुटा होतो. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर सुमारे २.७ किलोबेसच्या (एक किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरे) जागी एक ठळक, सुबक पट्टी दिसली. मी ती कापली, क्लोन केली, तीन जिवाणू-वसाहतींमधील डीएनएचा क्रम वाचून घेतला आणि तिन्ही एकसारखे निघाले. तो क्रम टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली व्हायरसच्या डीएनए-ए रेणूशी ९६ टक्के जुळत होता. एकाच प्रजातीत धरण्यासाठी ९१ टक्के साम्य पुरेसे मानले जाते, त्यामुळे ओळखीबाबत शंका उरली नाही. माझी चूक इथेच झाली, आणि ती लक्षात यायला मला सात महिने लागले.

क्लोन रोपात सोडण्यासाठी तो वनस्पतीच्या पेशीत डीएनए सोडणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूत घालावा लागतो, आणि एकच प्रत घालून भागत नाही. विषाणूच्या रेप या प्रथिनाला टी-ए-ए-टी-ए-टी-टी-ए-सी ही नऊ अक्षरे ओळखता येतात; सर्व बेगोमोव्हायरसांत ती तशीच असतात आणि एका केसपिनसारख्या वळणाच्या टोकावर बसलेली असतात. रेप त्या नऊ अक्षरांतील सातव्या आणि आठव्या अक्षराच्या मध्ये छेद देते आणि तिथून नवी प्रत उलगडायला सुरुवात होते. क्लोनमध्ये हा आरंभबिंदू दोनदा येईल अशी दीड पट लांबीची रचना केली, तर रेप दोन्ही ठिकाणी छेद देऊन मधले पूर्ण वर्तुळ मोकळे करते. ही रचना बांधायला मला तीन महिने लागले, आणि आजही तिचा नकाशा मला न पाहता काढता येतो.

कीटकरोधक काचगृहात वीस रोपांना मी हा क्लोन टोचला आणि पाच रोपांना विषाणूचा डीएनए नसलेला रिकामा वाहक. पंधरा दिवस गेले, मग पंचवीस. वीसपैकी काही रोपांच्या शेंड्याची पाने किंचित कुरळी झाली होती, ती शोधावी लागत होती. जुन्नरच्या प्लॉटमध्ये दिसलेल्या वाटीसारख्या पानांचा मागमूस नव्हता. पीसीआर मात्र सांगत होते की विषाणूचा डीएनए न टोचलेल्या वरच्या पानांपर्यंत पोहोचला आहे. मी तपमान बदलले, रोपांचे वय बदलले, जिवाणूंचे प्रमाण वाढवले आणि तीन वेळा सगळे पुन्हा केले, तरी निकाल तोच राहिला.

उत्तर माझ्या जुन्या वहीत होते. क्लोनिंगपूर्वी मी आणखी एक एन्झाइम वापरून पाहिले होते. क्रम वाचून आल्यावर कळले होते की ते डीएनए-एला दोन ठिकाणी कापते, म्हणजे १.७ आणि १ किलोबेसचे दोन तुकडे मिळायला हवेत. ते मिळालेही होते. पण वर २.७ ची पट्टी शिल्लक होती आणि तिच्यापुढे मी 'अपूर्ण छेदन' असे लिहून ठेवले होते. आता मी एन्झाइम दुप्पट केले, रात्रभर ठेवले, तरी ती पट्टी हलली नाही. तुकड्यांच्या लांबीची बेरीज ५.४ किलोबेस होत होती. या विषाणूचा जनुकसंच दोन रेणूंचा असतो हे मला पुस्तकातून माहीत होते, आणि दोघांची लांबी जवळपास सारखीच असते हेही. तरीही सुबक पट्टी दिसताच ती एकाच रेणूची आहे असे मी गृहीत धरले होते. शिल्लक राहिलेली पट्टी डीएनए-बी होती.

दोघांची वाटणी पाहिली की कमकुवत लक्षणांचा अर्थ लागतो. डीएनए-एवर प्रती काढण्याची, कवचाची आणि वनस्पतीचे संरक्षण दडपण्याची जनुके असतात. डीएनए-बीवर फक्त दोन प्रथिनांची माहिती असते: एक नवा डीएनए केंद्रकातून बाहेर आणते आणि दुसरे तो पेशीभित्तिकेतील सूक्ष्म मार्गांतून शेजारच्या पेशीत नेते. टोमॅटोत डीएनए-ए एकटा काही प्रमाणात पसरू शकतो, पण थोडाच. शिवाय केंद्रकातून बाहेर आणणारे प्रथिन केवळ वाहतूक करत नाही, पाने वळण्याच्या लक्षणांतही त्याचा थेट वाटा आहे. मी डीएनए-बीचा क्रम वाचून घेतला आणि दोन्ही रेणूंमध्ये समान असणारा सुमारे दोनशे अक्षरांचा भाग शेजारी ठेवून तपासला. रेपची ओळखचिन्हे दोन्हींत तंतोतंत सारखी होती, म्हणजे हा बी त्याच एचा जोडीदार होता.

दोन्ही क्लोन एकत्र टोचल्यावर अकराव्या दिवशी पहिल्या रोपाचा शेंडा आखडला आणि विसाव्या दिवसापर्यंत वीसपैकी अठरा रोपे त्या प्लॉटमधल्या झाडांसारखी दिसू लागली. विशिष्ट डीएनए शोधून दाखवणाऱ्या सदर्न ब्लॉट चाचणीत विषाणूचा डीएनए त्याच्या सर्व रूपांत उमटला: एकपदरी, दुपदरी उघडे वर्तुळ, पीळ पडलेले वर्तुळ. दुपदरी रूप दिसणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण ते केंद्रकातच बनते आणि ते बनवणारे पॉलिमरेज विषाणूकडे नसतेच, ते टोमॅटोचे असते. पूर्ण वाढलेल्या पेशीने डीएनएच्या प्रती काढणे थांबवलेले असते; रेप त्या पेशीतील विभाजन रोखून धरणाऱ्या रेटिनोब्लास्टोमासदृश प्रथिनाला बांधून घेते आणि बंद पडलेली यंत्रणा विषाणूसाठी पुन्हा सुरू होते.

काकांना मी हेच सांगितले, अर्थातच सोप्या शब्दांत: विषाणू झाडाच्याच यंत्रणेवर वाढतो, त्यामुळे झाड ठेवून फक्त विषाणू मारणारे औषध नाही; फवारणी माशीसाठी असते, आणि एकदा विषाणू घेतलेली माशी दीर्घकाळ तो पसरवत राहते. लागवडीनंतर पंचवीस दिवसांत इतकी झाडे आखडली होती, याचा अर्थ बरीचशी लागण रोपवाटिकेतच झालेली असावी. त्यांनी रोपे कोणाकडून घेतली होती ते आठवून पाहिले, थोडा वेळ गप्प राहिले आणि जाळीची चौकशी केली. पुढच्या हंगामाची रोपे त्यांनी घराशेजारी पन्नास मेशच्या (इंचाला पन्नास छिद्रे असलेल्या) नायलॉन जाळीखाली स्वतः वाढवली, आणि लागवडीनंतर पंचवीस दिवसांनी मी नमुने घ्यायला गेले तेव्हा आखडलेले शेंडे मला ओळीओळीने शोधावे लागले.