तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या पिकअपला उंची हवी की लवचीकपणा?

माझ्याकडे २०१७ची इसुझू व्ही-क्रॉस आहे. डबल कॅबिन, फोर बाय फोर, सेकंड हँड घेतलेली. पानशेतच्या पलीकडे, वेल्हे तालुक्यात (सरकारदरबारी आता राजगड तालुका, आमच्या तोंडी अजून वेल्हंच) आमची थोडी भातशेती आहे. तिथवर पोचायचं तर शेवटच्या टप्प्यात डांबर संपतं आणि दगडगोट्यांची वाट, ओढे आणि पावसाळ्यातला चिखल सुरू होतो. गाडी तिथून निवांत जाते-येते हे पाहिलेले लोक हमखास विचारतात, "सस्पेन्शनचं काय केलंत? लिफ्ट किट कितीला पडलं? आमच्या जुन्या गाडीला स्वस्तात काय करता येईल?"

तर गाडी एक इंचही उचललेली नाही. कारखान्यातून निघाली त्याच उंचीवर आहे. पैसे गेले ते झिजलेले भाग बदलण्यात आणि मागचे पाटे (लोखंडी पट्ट्या एकावर एक बांधून केलेली स्प्रिंग) मोकळे करण्यात. हे ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उंचीबद्दलचा गैरसमज आधी काढू. पिकअपचा मागचा एक्सल अखंड असतो, मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा, गोळा. वाटेतल्या दगडावर बहुतेक वेळा घासतो तो हाच. पाट्याखाली ब्लॉक घाला किंवा पाट्यांची कमान वाढवा, त्याने चेसिस आणि बॉडी वर जाते. एक्सल टायरवरच टेकलेला असतो, त्यामुळे गोळा होता तिथेच राहतो. तो वर न्यायचा तर मोठा टायर लागतो. या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा पोटाकडचा भाग यांतलं अंतर) मुळातच २२५ मिलिमीटर आहे आणि सह्याद्रीतल्या शेतवाटांना तो पुरतो. दगड बघून चाक त्याच्यावर घालायची सवय लागली की पुरतोच.

पुढच्या बाजूला तर उंची महागात पडते. पुढे डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म, त्यात कॉइल स्प्रिंगच्या पोटात शॉकअप. स्प्रिंगच्या डोक्यावर स्पेसर (जाड चकती) ठेवला की गाडी वर येते, पण चाकाला खाली लोंबायला जी जागा होती ती तेवढीच कमी होते. खड्ड्यात चाक जमीन शोधत खाली जायला हवं, ते मधेच अडतं. शिवाय ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, सीव्ही जॉइंटची (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याची) रबरी बुटं लवकर फाटतात, बॉल जॉइंटवर ताण येतो. स्पेसर दोन-चार हजारांत मिळतो हे खरं. त्याच्या मागून येणारी बिलं त्या पावतीवर नसतात, इतकंच.

कायद्याचंही बोलायला हवं, कारण ते कुणी विचारतच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं : परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर उंच केलेल्या गाड्या दिसतात, मान्य. पण अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी गाडीभोवती एक फेरी मारतो. झिजलेला भाग काढून त्याच मापाचा चांगला भाग बसवण्याला यातलं काहीच आडवं येत नाही.

आता झिजलेल्या भागांकडे. लाखभर किलोमीटर झालेली पिकअप "कडक चालते, आपटते" अशी तक्रार येते तेव्हा स्प्रिंगचा दोष क्वचितच असतो. गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा. पाट्यांच्या टोकाचे आणि शॅकलचे (पाटा चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) रबर बुश अंडाकार झालेत का, पुढच्या लोअर आर्मचे बुश चिरलेत का, स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची जोडणी) वाजते का, शॉकअपवर तेलाचा ओला पट्टा आहे का, आणि बंप स्टॉप जागेवर आहेत का. बंप स्टॉप म्हणजे एक्सल वर उसळला की चेसिसवर लोखंड आपटू नये म्हणून दिलेला रबराचा ठोकळा. किंमत अगदी किरकोळ, आणि सेकंड हँड पिकअपला तो बहुधा अर्धा तुटलेला असतो किंवा नसतोच.

बुश बदलताना मिस्त्रीजवळ उभे राहा आणि एकच गोष्ट बघा : शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असताना द्यायचा. गाडी जॅकवर आणि चाकं लोंबती असताना बोल्ट आवळला, तर खाली उतरल्यावर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि थोड्याच काळात फाटतं. मग "डुप्लिकेट माल होता" असं म्हणून दुकानदाराला शिव्या. दुकानदार अनेकदा निर्दोष असतो.

खरी गंमत मागच्या पाट्यांत आहे. ते ओझ्यासाठी बनवलेले असतात. ट्रॉलीत (पिकअपच्या मागच्या उघड्या भागात) भरपूर माल असेल तर गाडी छान बसते. रिकामी असली की मागून सशासारखी उड्या मारते. आणि आपण ऑफरोडला जातो ते बहुधा रिकामी ट्रॉली घेऊन. अशा वेळी कमानवाल्याकडे (पाटे दुरुस्त करणाऱ्याकडे) गेलात तर त्याचा पहिला सल्ला ठरलेला : "एक पाटा वाढवून देतो, बघा कशी उभी राहते." त्याचं गिऱ्हाईक म्हणजे विटा, वाळू आणि ऊस वाहणारे, त्यांच्यासाठी तो बरोबरच सांगतो. आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या हिशेबाने वाढतो. तितक्याच लांबी-रुंदीचा ८ मिलिमीटरचा पाटा ६ मिलिमीटरच्या पाट्यापेक्षा सव्वादोन पटींहून जास्त ताठ असतो. म्हणून वाढवलेला पाटा किती जाड आहे हे न बघता "एकच तर वाढवलाय" म्हणण्याला काही अर्थ नाही.

पाटे कमी करावेत का, असंही विचारतात. मी केले नाहीत. भाताची पोती आणि खत आमच्या गाडीला वाहावंच लागतं, आणि पाटे कमी केले की जोरात क्लच सोडल्यावर एक्सल स्वतःभोवती पिळला जातो, तो त्रास वेगळाच. मी केलं ते एवढंच, की आहेत तेच पाटे एकमेकांवरून सरकतील असे करून घेतले. पाट्यांचा गठ्ठा वाकतो तेव्हा प्रत्येक पाटा शेजारच्यावर घासत सरकतो. आठ-दहा पावसाळे खाल्लेल्या गाडीत पाट्यांमध्ये गंज आणि माती इतकी घट्ट बसते, की लहान खड्ड्यांना सगळा गठ्ठा एकच जाड पट्टी असल्यासारखा वागतो. हादरा सरळ बॉडीत येतो, आणि आपण शॉकअपच्या नावाने खडे फोडत बसतो.

काम असं. गाडी सपाट जागी, चेसिसखाली दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड (नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही), एक्सलला खालून वेगळा जॅक. पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट कापून काढायचे, कारण ते गंजलेले असतात आणि तसेही पुन्हा वापरायचे नसतात. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. गठ्ठा खाली आला की सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) खोलण्याआधी सी-क्लॅम्प लावायचा. पाटे दाबात बांधलेले असतात, सुटले की हाताचं काही खरं नाही. मग एकेक पाटा तारेच्या ब्रशने स्वच्छ करायचा आणि सेंटर बोल्टच्या भोकाजवळ चीर गेली आहे का ते उजेडात बघायचं. चीर दिसली तर तो पाटा भंगारात. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघायचं.

दोन पाट्यांमध्ये पूर्वी ग्रीस भरायचे. आपल्या चिखलात ग्रीस म्हणजे मातीला आमंत्रण, महिन्याभरात त्याचा पॉलिश पेपर होतो. मी भोसरीच्या एका प्लास्टिकवाल्याकडून यूएचएमडब्ल्यू जातीच्या घट्ट, गुळगुळीत प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या कापून घेतल्या आणि पाट्यांच्या टोकांशी, घासण्याच्या जागी बसवल्या. नवे सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट, नवे बुश. यू-बोल्ट टॉर्क पान्याने आडवे-तिडवे थोडेथोडे आवळायचे आणि पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. हा दुसरा आवळ बहुतेक जण विसरतात. सैल यू-बोल्टने सेंटर बोल्ट तुटतो, आणि तो तुटला की एक्सल तिरका.

बसलेल्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देणं हा स्वस्त उपाय आहे आणि टाटा-महिंद्राच्या जुन्या गाड्यांवर तो राजरोस चालतो. थंड ठोकून दिलेली कमान काही महिने टिकते, मग पाटा पुन्हा बसतो. गॅसने लाल करून वाकवलेल्या पाट्याचं पाणीच, म्हणजे पोलादाचा कणखरपणाच, जातो. तो कधी तुटेल सांगता येत नाही. पाटे खरोखर बसले असतील तर तेवढे नवीनच घ्या.

ट्रॉलीत कायमचं थोडं वजन ठेवणं हाही उपायच आहे. आमच्या गाडीत पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी आणि दोरखंड केबिनच्या बाजूला पट्ट्याने घट्ट बांधलेले असतात. शंभरेक किलो. पाटे लगेच माणसात येतात. पण बांधा मात्र नीट. उतारावर सुटलेली पेटी थेट मागच्या काचेवर येते.

शॉकअपबद्दल थोडक्यात. वाळवंटात किंवा खडबडीत सपाट रस्त्यावर तासन् तास वेगाने जाणाऱ्यांना बाहेर वेगळी टाकी असलेले महागडे शॉकअप लागतात, कारण तिथे तेल तापतं, फेसाळतं आणि धरेनासं होतं. आपण घाटमाथ्यावर चालण्याच्या वेगाने दगड ओलांडतो, तेल तापायला वेळच मिळत नाही. मूळ मापाचे, नायट्रोजन भरलेले साधे शॉकअप पुष्कळ झाले. घ्यायचे तर जोडीने घ्या. एकच बदलला की गाडी एका अंगाला वेगळी वागते. पुढचे बदलायला स्प्रिंग दाबून धरणारं अवजार लागतं. ते काम अंगणात करू नका, दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवावर बेतते. त्यानंतर अलाइनमेंट.

एक इशारा जुन्या, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या पिकअपवाल्यांना. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हला सळई जोडलेली असते. ट्रॉलीत वजन किती ते या सळईवरून कळतं आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब मिळतो. मागून गाडी उचलली की व्हॉल्व्हला वाटतं ट्रॉली रिकामीच आहे. मग भरल्या गाडीलाही मागचा ब्रेक कमी.

आणि सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन टायरमध्ये आहे. दगडांच्या वाटेला लागताना मी हवा पस्तिसावरून बावीस पीएसआयवर आणतो. टायर दगडावर पसरतो, पकड वाढते, लहान हादरे पाट्यांपर्यंत पोचतच नाहीत. वेग तीसच्या आत ठेवायचा आणि डांबर लागल्यावर लगेच हवा भरायची. बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर त्यासाठी गाडीतच असतो. मड टेरेन टायर दिसायला दणकट, पण आपलं बरंचसं चालवणं डांबरावरच होतं आणि पावसात ओल्या डांबरावर ते घसरतात. ऑल टेरेन बरे.

खर्चाचं म्हणाल तर बुश, बंप स्टॉप, यू-बोल्ट, प्लास्टिकच्या पट्ट्या, चार शॉकअप आणि मजुरी मिळून चांगल्या परदेशी किटच्या निम्म्याहून कमी पैसे गेले, टायर वेगळे. एकदम जमत नसेल तर आधी कॉम्प्रेसर आणि बंप स्टॉप, मग बुश आणि पाट्यांचं काम, शॉकअप सगळ्यात शेवटी. पाटे खोलायचे असतील तर मे महिन्याच्या आत खोला. जूनमध्ये चिखलाने माखलेली गाडी नेलीत तर मिस्त्री आधी ती धुऊन आणायला सांगतो.