चीजची तार

दुपारी स्टेशनबाहेरच्या सँडविचवाल्याकडे गर्दी नसते, म्हणून मी तीच वेळ गाठते. हिरवी चटणी पावाच्या पार कडेपर्यंत पोचली पाहिजे, बीटाची चकती पातळ पाहिजे आणि बटाट्यावर मसाला भुरभुरताना हात सैल पाहिजे, एवढ्याच माझ्या अटी. ठाण्याचा हा माणूस त्या सगळ्या पाळतो. परवा त्याने सवयीने किसणी उचलली आणि मी म्हटलं, "चीज नको. बटरपण नको."

तो थबकला. "जैन?"

"नाही."

"उपवास?"

उपवासाला पाव कोण खातं, हे मी विचारलं नाही. मानेनेच नाही म्हटलं.

"मग डॉक्टर?"

"हो," म्हटलं. डॉक्टरांचं नाव घेतलं की आपल्याकडे पुढचे प्रश्न बंद होतात. त्याला माझी दया आली असावी, कारण काकडीच्या दोन चकत्या जास्त पडल्या.

तसं ते खोटंही नव्हतं. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलच्या बाजूने धरलं आणि लेकीने गाईम्हशींच्या बाजूने. लेक फोनवर म्हणते, "अगं आई, ते वासराचं दूध असतं." मी म्हटलं, तुला खरवस खाताना बरं कधी वासरू आठवलं नाही? त्यावर ती म्हणाली, "मी चार वर्षांची होते. आणि भरवत तू होतीस." हिच्याशी वाद घालायला वकील लागेल.

दूधदुभत्यातलं बाकीचं त्या मानाने सुटलं. दूध मला कधी आवडलंच नव्हतं. ताकासाठी जीव तुटला, पण शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून जे दूध निघतं ते उकळून कोमट केलं आणि त्यात हिरव्या मिरचीचे देठ टाकून रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी दही लागलेलं असतं. देठांवरच्या जिवाणूंची करामत. त्याची कढी केली तर आमच्या ह्यांना पत्ताही लागला नाही. वरणभातावरच्या तुपाचा विषय मी इथे काढणार नाही.

अडलं ते चीजवर. याचं मलाच नवल वाटतं, कारण चीज तसं आपलं कोण लागतं? तुपाला आपल्या घरात पिढ्यांचा मान. चीज आलं कालपरवा, आणि तेही पत्र्याच्या डब्यातून.

तो अमूलचा गोल डबा. आम्ही डोंबिवलीत चाळीत राहायचो. बाबांचा बोनस झाला की तो डबा यायचा आणि रविवारपर्यंत फळीवर नुसता बसून असायचा. डबा फोडायचा कटर आमच्याकडे नव्हता, तो खालच्या मजल्यावरून मागून आणावा लागे, आणि कटरबरोबर खालच्यांचा मुलगाही वर येई, हे ओघाने आलंच. बाबा ड्राफ्ट्समन होते. ते चीजची वडी ताटात उपडी करत, कोनमापक धुऊन पुसून घेत आणि सुरीच्या टोकाने वर खुणा करत. घरात माणसं पाच, म्हणजे एकेकाला 72 अंश. खालचा मुलगा आला की 60. या हिशेबामुळे मला भूमितीची भीती कधी वाटली नाही, पण त्या मुलाचा राग मात्र मनात राहिला तो राहिलाच. बाबा म्हणत, चीज चावायचं नाही, विरघळू द्यायचं. ते खारट, किंचित आंबूस, दाताला चिकटणारं पिवळं काहीतरी जिभेवर ठेवून आम्ही भावंडं गॅलरीत एकमेकांकडे बघत बसायचो. कुणाचं आधी संपतं यावर पैज. रिकाम्या डब्याच्या कडा बाबा हातोडीने ठोकून घेत आणि मग तो तांदळाच्या पिंपात पडे. आमच्याकडे तांदूळ वाटीने मोजत नसत. "किती टाकू?" "एक चीज टाक." असंच म्हणायचे. पाहुणे चमकायचे.

मावशी मात्र चीजला शिवत नसे. तिला कुणीतरी सांगितलं होतं की दूध गोठवायला वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात. ते अगदीच खोटं नव्हतं. परदेशात रेनेट वासराच्या जठरातूनच काढायचे. पुढे बुरशीपासून केलेलं रेनेट आलं, आपल्याकडच्या पाकिटांवर हिरवा ठिपका आला, मी तो ठिपका तिला चष्मा लावून दाखवला. ती म्हणाली, "ठिपका काय, कुंकवाचा पण असतो." तिला चीज खायचंच नव्हतं, आणि वासरू हाताशी होतं.

याच मावशीने काशीला जाऊन दुधी भोपळा सोडला. काशीला जाऊन आवडती वस्तू सोडायची असते. मावशीला दुधी कधी आवडत होता, हे आम्ही आठवून आठवून पाहिलं. आजूबाजूलाही पाहिलं तर काशीला सुटलेल्या भाज्यांत कारली, दोडके, पडवळ यांचीच गर्दी. आंबा सोडलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. चातुर्मासातही तेच. मध्वाचार्यांना मानणाऱ्या माध्व घरांत एक महिना भाज्या वर्ज्य, मग एक महिना दही, मग एक महिना दूध, मग डाळी. वाचायला कडक वाटतं. पण दही वर्ज्य असतं त्या महिन्यात दूध चालतं आणि दूध वर्ज्य असतं त्या महिन्यात दही चालतं. ज्याने कुणी हे नियम बसवले त्याला घरात नांदायचं होतं.

याच्या उलट तो इंग्लंडमधला डोनाल्ड वॉटसन. 1944 च्या नोव्हेंबरात त्याने आणि त्याच्या मित्रमंडळींनी दूध, अंडी, सगळंच सोडणाऱ्यांची, म्हणजे व्हीगन लोकांची, संस्था काढली. ते महायुद्धाचे दिवस. चीज रेशनवर, माणशी आठवड्याला दोन-तीन औंस. शाकाहारी म्हणून नाव नोंदवलं तर मांसाच्या बदल्यात जादा चीज मिळायचं. म्हणजे ताटात उरलेली जी एकुलती एक चैन, तिच्यावरच या लोकांनी पाणी सोडलं. मावशीला हे सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, त्यांच्याकडे दुधी नव्हता का?

माझी अडचण अशी की मला चीज आवडतं आणि चीजचा राग पण येतो. डोशावर चीज, पावभाजीवर चीज, वडापावात चीज, मॅगीवर चीज. साध्या डोशाला कुरकुरीत होऊ द्यायचं सोडून त्यावर किसणीने डोंगर उभा करायचा, हा डोशाचा आणि चीजचा, दोघांचा अपमान आहे. हे मी हॉटेलात मोठ्याने बोलते, आणि घरचे मला ओळखत नसल्यासारखे मेनूकार्ड वाचू लागतात. आता चीज सोडल्यावर हे बोलायचा हक्क उरला की गेला, याचा मला नीट अंदाज येत नाही.

लेकीने पहिल्यांदा एक विकतचं पाकीट आणलं. वर व्हीगनचं हिरवं व्ही, आत पिवळसर फरशी. मी उत्साहाने तव्यावर पिझ्झा लावला, झाकण ठेवलं, काढलं तर स्लाइस जशीच्या तशी आणि भोवती तेलाचं तळं. पाकीट उलटून वाचलं: खोबरेल आणि स्टार्च. खोबरेल साधारण 24 अंशांना वितळतं. त्यामुळे ते प्रकरण फ्रिजमध्ये दगड, आणि मे महिन्यात ओट्यावर ठेवलं की अंग टाकून मोकळं. डॉक्टरांना पाकीट नेऊन दाखवलं. खोबरेलातली बहुतेक चरबी संपृक्त, म्हणजे ज्यासाठी चीज सोडायला लावलं तेच हे. ते म्हणाले, "मग चीजच खा थोडंसं." लेकीला हे कळवलेलं नाही.

खरं दुखणं तारेचं आहे. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅल्शियमच्या साहाय्याने एकमेकांत गुंतून बसतं. गरम झालं की ते जाळं सैल पडतं पण सुटत नाही, म्हणून घास उचलला की ताटापासून तोंडापर्यंत तार येते. पनीर लिंबाने फाडतात, त्या आंबटात कॅल्शियम निघून जातं, म्हणून पनीर तव्यावर करपेल पण वितळणार नाही. झाडाच्या कुठल्याही दाण्यात केसीन नसतं. म्हणजे चव कुठूनही जमवता येते, तार आणायची कुठून?

चवीचं खरंच जमतं. काजू भिजवून वाटायचे, लिंबू, मीठ, किंचित लसूण, आणि न्यूट्रिशनल यीस्ट म्हणून पिवळे पापुद्रे मिळतात ते. त्यांत बी गटातली जीवनसत्त्वं असतात आणि बरणी उघडली की वासही औषधाच्या दुकानाचाच येतो, पण काजूत मिसळले की काय होतं कोण जाणे, जीभ फसते. घट्टपणाला चायना ग्रास. आणि तारेसाठी, लेकीने पाठवलेल्या कृतीत लिहिलं होतं, टॅपिओका स्टार्च. ते मी मागवणारच होते. सहज वाचलं तर कसावाच्या कंदाचं पीठ. आणि कसावाचा कंद म्हणजे तामिळनाडूत सेलमकडे ज्याचा साबुदाणा करतात तोच.

मी ओट्याशी उभी राहून हसले.

कारण आमच्या घरात खिचडीला तार सुटणं हा गुन्हा होता. साबुदाणा भिजवताना पाणी वर राहता कामा नये, दाणा बोटाने दाबला तर मोडला पाहिजे पण बोटाला चिकटता कामा नये, कूट आधी चोळून घ्यायचं, झाकण किती वेळ ठेवायचं याचंही शास्त्र. एवढं करून एकादशीला कढईत गोळा झाला की आजी चमचा वर उचलून ती तार सगळ्यांना दाखवायची. बोलायची काही नाही. आई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गप्प. पुढे मी लग्न होऊन आले तेव्हा मला भीती सासूची नव्हती, साबुदाण्याची होती. आणि आता मी तोच साबुदाणा मिक्सरला फिरवून, पीठ काजूच्या वाटणात घालून, मंद आचेवर ढवळत वाट बघत होते की कधी एकदाची तार सुटतेय. सुटली. चमचा वर उचलला, वीतभर. दाखवायला घरात कुणी नव्हतं.

तेव्हा लक्षात आलं की कसावा, काजू, शेंगदाणा, मिरची हे सगळे अमेरिकेच्या बाजूने समुद्रावरून आलेले. काजू आणि कसावा तर ब्राझीलकडचे, काजू पोर्तुगीजांनी गोव्यात उतरवला आणि कोकणात पसरला. म्हणजे परकं चीज सोडून मी जे जमवलं तेही सगळं बोटीवरचंच. यातून काहीतरी निष्कर्ष निघत होता, पण तेवढ्यात गॅसवरचं खाली लागायला लागलं.

काजूचं चीज मग काही दिवस जोरात चाललं. पावावर, पराठ्यात. लेक आली तेव्हा तिने डबा चाटून पुसून संपवला आणि म्हणाली, "कुणालाही त्रास न देता केलेलं चीज." तिच्या या वाक्यावर मला एकदम वेंगुर्ला आठवलं. मावशी तिथली. मे महिन्यात ओल्या काजूगरांची उसळ व्हायची आणि आम्ही शहाणपणाने बी दातांनी फोडायला जायचो, की ओठ उतलेच. काजूच्या टरफलात तेल असतं, ते लागलं की कातडी जाते. मावशीच्या शेजारची एक बाई काजूच्या कारखान्यात फोडायला जायची. उकडलेल्या बिया दिवसभर फोडायच्या, एक एक, गर अख्खा निघाला पाहिजे कारण तुकड्याला भाव नाही. हाताला तेल किंवा राख चोळायची तरी बोटांची टोकं काळी पडून सालपटलेली. संध्याकाळी ती मावशीकडे भाकरी थापायला मदतीला यायची तेव्हा मावशी तिला पीठ मळू द्यायची नाही. मीठ झोंबतं म्हणून.

हे मी लेकीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हातमोजे देत असतील आता." मी म्हटलं, देत असतील. मग तीच म्हणाली, "सूर्यफुलाच्या बिया भिजवून बघ."

बघितल्या. काजूपेक्षा स्वस्त पडतात आणि वाटलंही छान जातं, फक्त रंग राखाडी येतो. हळद घातली तर हिरवट छटा मारायला लागतो. तार बरी सुटते. ह्यांनी फ्रिज उघडला आणि विचारलं, "खिडकीच्या काचा बसवायची लांबी, ती पुटी, इथे का ठेवलीय?" मी म्हटलं, चीज आहे. "असं होय," म्हणाले आणि पोळीला लावून खाल्लं. कसं लागलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.